चकाकीसाठी होडीचं कातडं सोलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाँटून बोटीची काळवंडलेली नळकांडी घरच्या घरी आरशासारखी करण्याची युक्ती छापून आली. संडास धुवायचं ॲसिड फवारा, पाच मिनिटं थांबा, तारेच्या घासणीने खसाखसा घासा आणि पाण्याने धुऊन टाका. सोबत दोन फोटो, आधी काळं आणि नंतर पांढरं. तिसरा फोटोही छापायला हवा होता, सहा महिन्यांनंतरचा. तो माझ्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

आधी माझी ओळख. मी 31 वर्षं बफिंगच्या, म्हणजे धातूला कापडी चाकावर घासून चमक आणण्याच्या, चाकासमोर उभा राहिलेला माणूस आहे. पितळ, स्टेनलेस, ॲल्युमिनियम, जे समोर येईल ते चमकवून द्यायचं, हाच धंदा. निवृत्तीनंतर मेहुण्याबरोबर भागीत एक जुनी पाँटून बोट घेतली. ज्यांनी ही बोट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दोन, कधी तीन, लांबलचक पोकळ ॲल्युमिनियमची नळकांडी, त्यांवर सपाट डेक, भोवती कठडा. सगळं वजन त्या नळकांड्यांवर. आणि त्यांच्या पत्र्याची जाडी किती, तर साधारण 2 ते अडीच मिलिमीटर. आपण ॲसिड ओततो ते या दोन मिलिमीटरवर, हे आधी लक्षात घ्या.

आमची बोट आली तेव्हा नळकांडी बघवत नव्हती. पाण्याच्या रेषेखाली तपकिरी थर, रेषेवर पांढरी खरखरीत पट्टी आणि वर निस्तेज करडा रंग, मधूनमधून काळे चट्टे. मी म्हटलं, आधी बघू कुठला डाग कशाचा आहे. मेहुणा म्हणाला, “दाजी, तुम्ही बघत बसा, मी दोन तासांत चकाचक करून देतो.” मी चहा टाकायला गेलो आणि परत येईपर्यंत त्याने उजव्या नळकांड्यावर कसलंसं कडक क्लीनर वरून खाली फवारलंही होतं. दुपारची वेळ. पत्रा हाताला चटका बसेल इतका तापलेला. क्लीनर फेसाळत खाली आलं आणि अर्ध्या वाटेतच वाळलं.

धुतल्यावर जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. काचेवरून पावसाचे ओघळ उतरावेत तशा पांढऱ्या रेघा, वरच्या कडेपासून खालपर्यंत, आणि रेघांच्या मध्ये जुना करडा रंग तसाच. मेहुण्याने पुन्हा फवारलं. रेघा आणखी रुंद झाल्या. हाताचं बोट फिरवलं तर पांढऱ्या भागावर बारीक सँडपेपरसारखा खरखरीतपणा लागत होता आणि करडा भाग गुळगुळीत होता. म्हणजे ज्याला तो साफ झालं म्हणत होता, तिथला धातू खाल्ला गेला होता. आणि ज्याला घाण म्हणत होता, ती त्या धातूची कातडी होती.

हीच गोष्ट कुणी समजावून सांगत नाही. ॲल्युमिनियमला हवा लागली रे लागली की त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो, काही नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-चार पट एवढाच. डोळ्यांना दिसत नाही, पण धातूला तोच वाचवतो. लोखंडाचा गंज पोकळ असतो, पापुद्रे सुटत जातात आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमचं उलट आहे, त्याचा पापुद्रा चिकटून बसतो आणि आतल्या धातूला पुढे हात लावू देत नाही. वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या अगदी टोकावर 1884 साली ॲल्युमिनियमचा 2.85 किलोचा एक छोटा पिरॅमिड बसवला. विजा पडून पडून त्याचं टोक बोथट झालं, पण उन्हापावसात तो सडून गेला नाही. करडेपणा हा ॲल्युमिनियमचा आजार नाही. ते त्याचं नेहमीचं रूप आहे.

हा पापुद्रा साधारण 4 ते साडेआठ पीएचच्या दरम्यान सुखाने राहतो. त्याच्या खाली आम्लात विरघळतो आणि वर गेलं की अल्कलीतही विरघळतो. संडासच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असतं. ते पापुद्रा तर खातंच, पण मागे क्लोराइड ठेवून जातं, आणि क्लोराइड म्हणजे ॲल्युमिनियमला खड्डे पाडणारा मुख्य चोर. सांध्यात, वेल्डिंगच्या कडेला, ब्रॅकेटच्या मागे ते जाऊन बसलं की नुसत्या पाण्याने निघता निघत नाही. काही जण म्हणतील, मग ॲसिड नको, कॉस्टिक सोडा वापरू, भांडी धुण्याच्या मशीनची पावडर वापरू. ते तर आणखी वाईट. अल्कलीने ॲल्युमिनियम उकळल्यासारखं फसफसतं, हायड्रोजन सुटतो आणि वर काळी काजळी उरते. ही काजळी बाहेरून आलेली नसते. मिश्रधातूतले इतर घटक विरघळत नाहीत, ते मागे उरतात आणि काळे दिसतात. काळा डाग काढायला गेलेल्या माणसाने स्वतःच काळा डाग पाडलेला मी कारखान्यात कितीतरी वेळा पाहिला आहे.

आता तारेच्या घासणीबद्दल. लोखंडी तार ॲल्युमिनियमवर घासली की तिचे बारीक तुकडे मऊ धातूत रुतून बसतात. मग पाणी लागलं की प्रत्येक तुकडा म्हणजे एक छोटी बॅटरी. आठवड्याभरात नारिंगी ठिपके येतात आणि प्रत्येक ठिपक्याखाली एक खड्डा सुरू होतो. घासायचंच असेल तर नायलॉनचं पॅड घ्या. ब्रशच हवा असेल तर स्टेनलेसचा, आणि तो ब्रश आधी कधीही साध्या लोखंडावर वापरलेला नसावा. पितळी ब्रशही नको, त्यातलं तांबं आणखी छळतं.

बाजारात खास ॲल्युमिनियमसाठी म्हणून जी ब्राइटनर, म्हणजे उजळवणारी द्रावणं, मिळतात त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. याविषयी आपल्या पुरवणीत एक अक्षर नाही. आमच्या कारखान्यात एका पोराच्या बोटाला असलं द्रावण लागलं होतं. पातळ होतं, म्हणून त्याला काहीच जाणवलं नाही. हात पुसून तो काम करत राहिला. रात्री नखाखाली अशी कळ सुरू झाली की तो भिंतीला डोकं लावून बसला होता. हे ॲसिड कातडीवर थांबत नाही. ते आत जाऊन शरीरातल्या कॅल्शियमला धरतं, आणि वेदना काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. जास्त लागलं तर हृदयावर बेततं. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात. बाटलीच्या लेबलवर फ्लोराइड हा शब्द दिसला आणि ते जेल जवळ नसेल, तर झाकण उघडू नका. साधे पातळ हातमोजे याला पुरत नाहीत. शिवाय हे द्रव्य काचही खातं, म्हणजे बोटीची काच आणि चष्मा दोन्ही गेले.

आणि फवारलेलं सगळं जातं कुठे? उतारावरून थेट पाण्यात. विरघळलेलं ॲल्युमिनियम आम्लयुक्त पाण्यात माशांच्या कल्ल्यांवर साचतं आणि त्यांचा श्वास कोंडतो. ज्या पाण्यात आपण फिरायला जातो त्याच पाण्यात हे सोडायचं, याला माझ्याकडे शब्द नाही.

मग करायचं काय, असं वाचक विचारतील. सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे डाग ओळखायचा. नखाने खरवडून बघा. बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागली तर ते ऑक्साइड. पाण्याच्या रेषेवरच्या खरखरीत पांढऱ्या थरावर व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले तर तो जड पाण्याचा चुना आहे. बोटीला तळाशी तपकिरी-हिरवट चिकटलेलं असतं ते शेवाळ आणि पालापाचोळ्याचा रंग. ताडपत्रीखाली ओल कोंडून जे ढगासारखे पांढरे-काळे चट्टे येतात ते पाण्याचे डाग, त्यांची जात वेगळी, आणि ते पूर्ण जात नाहीत हे आधीच मान्य करा. या चारही गोष्टींना एकच औषध लावायचं म्हणजे डोकेदुखी आणि पोटदुखीला एकच गोळी देणं.

बोट पाण्यातून बाहेर काढल्या काढल्या शेवाळ धुवायचं. ओलं असताना ते साध्या पाण्याच्या फवाऱ्याने सुटतं, दोन तास वाळलं की सिमेंटसारखं होतं. निम्मी लढाई इथेच जिंकता येते आणि निम्मे लोक इथेच हरतात, कारण बोट वर ओढली की आधी जेवण आठवतं. फवाऱ्याचं तोंड हातभर लांब धरा, सांध्यांत आणि स्टिकरवर मारू नका. त्यानंतर अल्कली नसलेला साधा साबण आणि मऊ ब्रश. आमच्या डाव्या नळकांड्यावर एवढ्यानेच ऐंशी टक्के काम झालं. मेहुणा तोंड वाकडं करून बघत होता.

चुन्याच्या पट्टीला सौम्य आम्ल लागतं, ते मलाही मान्य आहे. सायट्रिक किंवा पातळ फॉस्फोरिक. पण सावलीत, पत्रा थंड असताना, एका वेळी हात पोहोचेल एवढाच भाग घेऊन. आणि फवारायचं खालून वर. हे उलटं वाटतं, पण कारण सोपं आहे. वरून सुरुवात केली की ओघळ कोरड्या धातूवरून धावतात आणि जिथून जातात तिथे रेघ कोरतात. खालचा भाग आधीच ओला असला की वरून येणारा ओघळ त्यात मिसळून पसरतो. मेहुण्याने केलेली चूक नेमकी हीच. धुताना मात्र वरून खाली, भरपूर पाणी, आणि वाळायच्या आत. आधी एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर करून बघा. दुसऱ्या दिवशी ती जागा उन्हात पाहूनच पुढे जा. ब्लीच तर यात कुठेही मिसळू नका. आम्लात पडलं की क्लोरीन वायू सुटतो.

आणि इथे थांबा. पाण्यात उभ्या असणाऱ्या बोटीची नळकांडी पाण्याच्या रेषेखाली पॉलिश करणं म्हणजे रस्त्यावर रांगोळी काढून वाहतूक सुरू होण्याची वाट बघणं. बफिंगवाला माणूस हे म्हणतो आहे, एवढं ध्यानात घ्या. चकाकी विकूनच माझी चूल पेटली. तरीही सांगतो.

मला मात्र उजवं नळकांडं पॉलिश करावंच लागलं, कारण ते ओघळ दुसऱ्या कशाने जाणार नव्हते. वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून वापरायचा घासकागद, घेतला; नंबर वाढेल तसा दाणा बारीक. 320 पासून सुरुवात, मग 400, 600, 800, 1000. प्रत्येक वेळी दिशा बदलायची, आधीच्या पेपरचे ओरखडे आडवे दिसतात आणि ते सगळे गेले की पुढचा नंबर. घाई करून एक नंबर गाळला तर त्याचा ओरखडा शेवटी आरशात उभा राहून हसतो. पाणी सतत हवं, ॲल्युमिनियम पेपरच्या दाण्यांत भरून बसतं आणि मग पेपर कापत नाही, नुसता ओरबाडतो. वेल्डिंगच्या शिवणीजवळ मशीन चालवायचं नाही, हातानेच. तिथे धातू उंचसखल असतो, मशीनने उंचवटा पातळ होतो आणि शिवण म्हणजेच बोट. फक्त पाण्याच्या रेषेवरचा पट्टा केला, तरी नवशिक्यासारखे पाच शनिवार-रविवार गेले.

बफचं, म्हणजे मशीनवरच्या कापडी चाकाचं, म्हणाल तर आधी शिवलेला बफ आणि कापणारा मसाला (चाकाला लावायचं पॉलिश), नंतर मोकळा बफ आणि बारीक मसाला. दाब कमी, चाक सतत चालतं. एका जागी थांबलात तर मऊ ॲल्युमिनियम तापून ओढलं जातं आणि ढगाळ डाग पडतो, तो काढायला पुन्हा 600 वर यावं लागतं. आणि नवखे हमखास घाबरतात ते कापडावर येणाऱ्या काळ्या चिखलाला. कितीही पुसा, काळंच येतं. लोक म्हणतात अजून घाण आहे, अजून घासा. ती घाण नाही हो, ते मसाल्यात मिसळलेले ॲल्युमिनियमचे कण आहेत. तुम्ही घासाल तोवर ते येतच राहणार, कारण तुम्ही होडीच पुसून काढत आहात. चिखल ओला असतानाच स्वच्छ कापडाने उचलायचा, वाळू द्यायचा नाही.

एक धोका आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतो, बाहेर कुणाला नसतो. ॲल्युमिनियमची कोरडी बारीक धूळ पेट घेते, हवेत उडालेली असेल तर स्फोट होतो. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासलं त्याच ठिकाणी, त्याच धुळीत ॲल्युमिनियम घासू नका. लोखंडाचा गंज, ॲल्युमिनियमची धूळ आणि एक ठिणगी एवढ्यावर रेल्वेचे रूळ जोडतात, इतकी ती आग तापते. आणि लागलीच तर त्या आगीवर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची.

आता त्या तिसऱ्या फोटोबद्दल. पॉलिश केलेला पट्टा पहिल्या दिवशी असा झाला की मेहुण्याने त्यात बघून भांग पाडला. मी त्यावर मेणही लावलं. सहा महिन्यांनी मी फोटो काढला, तेव्हा डावं आणि उजवं नळकांडं शेजारी उभं राहून पाहिलं तर फरक दिसतो, पण सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. उजवं जरा उजळ, इतकंच. फक्त ॲसिडचे ओघळ जिथे खोल गेले होते तिथे, रेषेच्या खाली, जिथे मी पेपर मारला नव्हता, तिथे शेवाळ डाव्यापेक्षा घट्ट धरलं होतं. खरखरीत जागा मिळाली की ते पाय रोवतं. म्हणजे दोन तासांच्या युक्तीने धुण्याचं काम कायमचं वाढवून ठेवलं.

काही जण मेणाऐवजी पारदर्शक लेप मारतात. तो चांगला बसला तर काही काळ टिकतो, पण एकदा कडेने सुटायला लागला की त्याच्याखाली पाणी शिरतं आणि डाग झाकणाखाली वाढतात. मग लेप काढा, पुन्हा घासा. मला हा खेळ पटत नाही.

खरी भीती रंगाची नाहीच. धुऊन झाल्यावर हातात दिवा घेऊन नळकांड्याच्या पोटाखाली सरपटत जा आणि पांढऱ्या पुटकुळ्या शोधा. एखादी पुटकुळी टाचणीने फोडा. खाली खड्डा असेल तर तो किती खोल आहे ते बघा. दोन मिलिमीटरमधला अर्धा मिलिमीटर गेला असेल तर चकाकी कुठे घेऊन बसता. असे खड्डे बहुतेक वेळा ट्रेलरच्या ज्या लाकडी पट्ट्यांवर बोट टेकते तिथे मिळतात. वाळवी लागू नये म्हणून त्या लाकडात तांब्याचे क्षार मुरवलेले असतात, वर गालिचा ठोकलेला, तो कायम ओला. ओलं तांबं आणि ॲल्युमिनियम यांची गाठ म्हणजे ॲल्युमिनियमचा नाश. आमच्या बोटीला तिथेच चार खड्डे निघाले, आणि त्या जागेला चकाकीच्या फवाऱ्याने कुणी कधी हात लावला नव्हता. पट्ट्या बदलल्या, मध्ये प्लॅस्टिकच्या फळ्या घातल्या.

दुसरी जागा म्हणजे बळीचे गोळे, ॲनोड. ते आपण झिजून नळकांड्यांना वाचवतात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा, खाऱ्या पाण्यात जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा. गोड्या पाण्यात जस्त वापरलं तर त्यावर पापुद्रा धरतो आणि ते नुसतं लटकत राहतं. अर्धा झिजला की बदला, आणि त्याला रंग कधीही लावू नका. आम्ही बोट घेतली तेव्हा आधीच्या मालकाने ॲनोडला पांढरा रंग दिला होता. देखणा दिसत होता.

तळाला शेवाळ धरू नये म्हणून रंग लावणार असाल तर त्यात तांबं नाही याची खात्री करून घ्या. त्या डब्यांत बहुतेक वेळा तांब्याचं ऑक्साइड असतं आणि ते लाकडी किंवा फायबरच्या बोटींना चालतं, आपल्याला नाही.

संपादक महाशय, पत्र लांबलं याची मला कल्पना आहे. जागा नसेल तर बफिंगचा भाग कापा, पण फ्लोराइडचा परिच्छेद आणि लोखंडी तारेचा परिच्छेद तेवढा जसाच्या तसा छापा. ती युक्ती वाचून कुणी या शनिवारी बाटली उघडेल, त्याआधी छापलात तर बरं.

आपला,
एक निवृत्त बफिंग कारागीर

ता. क. कठड्याच्या नळ्यांना यातलं काहीच लावू नका, पॉलिशसुद्धा नाही. त्या बहुधा ॲनोडाइझ केलेल्या असतात, म्हणजे नैसर्गिक पापुद्र्याच्या हजारो पट जाड थर मुद्दाम चढवलेला असतो. मसाल्याने घासलं की तो जातो आणि पुन्हा येत नाही. साबणपाणी आणि ओलं फडकं. मेहुण्याने एक नळी घासून बघितली आहे. ती कुठली, हे बोटीवर आलेल्या माणसाला विचारावं लागत नाही.